नेपच्यूनवर गेलेलं गाव

एकदा एक म्हातारे कारागीर होते आणि त्यांचा सगळा जन्म दुसऱ्यांची वजनं खरी करण्यात गेला होता. घाटाच्या पायथ्याशी एका बाजारगावात त्यांचं लहानसं दुकान होतं. तराजूची दांडी वाकली, पारड्याची साखळी तुटली, काट्याची सुई अडली की आसपासच्या गावांतले लोक त्यांच्याकडे येत. लोक त्यांना आबा म्हणत. आबांचा एक नियम होता. काटा दुरुस्त झाला तरी ते तो लगेच हातात देत नसत. आधी त्याला लोखंडी वजन टांगत आणि म्हणत, "बोल बाबा, खरं बोल." काटा खरं बोलला तरच तो दुकानाबाहेर जाई.

आबांकडे मंजुळा नावाची एक शिष्या होती. तिचा नवरा बोअरच्या गाडीवर कामाला, वर्षातले आठ महिने परमुलखात. घरी सासू. मंजुळाचा हात इतका हलका होता की केसाएवढी स्प्रिंग ती चिमट्याशिवाय बसवी. सुरुवातीला बाजारात लोक हसले. कुणी म्हणालं, "आबा, आता बायकांच्या हाती काटे दिले का?" आबा म्हणाले, "तुझ्या घरी आमटीत मीठ कोण टाकतं रे? रोज मोजून टाकतं का? मग? हात पारखायला तू मला शिकवू नको."

मंजुळाला चौदा महिन्यांची लेक होती, छबी. मंजुळा काम करी तेव्हा छबी दुकानातल्या पोत्यावर बसून नटबोल्टांशी खेळे. पोर हसरं होतं, पण अंगानं फार किरकोळ. बारशाला घातलेल्या मनगट्या तिचा हात वर झाला की घसरत घसरत कोपरापर्यंत जात. मंजुळाचं सगळं लक्ष त्या मनगट्यांकडे असे. दिवसातून दोनदा ती छबीला दुकानातल्या काट्यावर ठेवून बघे, जशी चुलीवरच्या दुधाकडे बाई पुन्हा पुन्हा बघते तशी. बघून दूध लवकर तापत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

त्या गावात एक चाल होती. लेकराचं वजन कुणी मोठ्यानं बोलत नसे. बोललं की दृष्ट लागते म्हणत. अंगणवाडीत महिन्याला वजनं होत तेव्हा सेविकाबाईसुद्धा आकडा लिहून कागद पालथा धरीत आणि आईच्या कानात फक्त रंग सांगत. हिरवा म्हणजे बरं. पिवळा म्हणजे लक्ष द्या. लाल म्हणजे पोर धोक्यात. प्रत्येक आई आपला रंग पदरात बांधून घरी जाई. शेजारणीच्या पदरात कोणता रंग आहे, ते कुणालाच कळत नसे.

छबीचा रंग तीन महिने लाल होता. मागच्या खेपेला सेविकाबाई हळूच म्हणाल्या होत्या, "मंजुळा, पुढच्या महिन्याच्या वजनालाही लालच भरली तर तिला तालुक्याच्या पोषण केंद्रात ठेवावं लागेल. चौदा दिवस. तुलाही तिथंच राहावं लागेल."

सासूला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "चौदा दिवस म्हणजे सगळ्या आळीला कळणार. आमच्या घरात असली काडी कधी जन्मली नाही बाई. माझी चारही पोरं उचलायला दोन माणसं लागायची."  त्या दिवशी मंजुळाला भाकरी गेली नाही, आणि आई जेवली नाही की लेकराचं दूध आटतं या विचारानं ती आणखीच घाबरली.

असंच एकदा गूळवाले शेठजी आपल्या दुकानाचा काटा घेऊन आबांकडे आले. शेठजी देहानं भारदस्त. बाकावर बसले तर बाक कण्हला.

"आबा, डॉक्टरनं वीस किलो कमी करायला सांगितलंय. मी म्हटलं, त्यापेक्षा काटाच बदलून घेतो."

आबा हसले. "काटा कशाला बदलता शेठजी? जमीन बदला. चंद्रावर जा."

"तिथं काय होतं?"

"इथं शंभर किलो भरता ना? तिथं साडेसोळा भराल."

शेठजी सरसावून बसले. "थट्टा करता का?"

"थट्टा नाही. आता बघा." आबांनी स्प्रिंगच्या काट्याला पाच किलोचं लोखंड टांगलं. आत स्प्रिंग ताणली गेली, सुई पाचावर गेली. "हे लोखंड खाली का जातं? पृथ्वी ओढते म्हणून. ती ओढ स्प्रिंगला कळते, आणि स्प्रिंग सुईला सांगते. त्या ओढीलाच आपण वजन म्हणतो. चंद्र लहान, त्याची ओढ पृथ्वीच्या सहावा हिस्सा. मंगळाची तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्त. गुरू हा तर ग्रहांतला पैलवान, त्याची अडीचपट. ओढणारा बदलला की वजन बदललं."

"मग पाठवा की मला चंद्रावर! जिलबी खाऊन येतो."

"जा, पण धोतर इथल्याएवढंच लांब न्या. पोट काही कमी व्हायचं नाही."

शेठजी इतके हसले की बाक पुन्हा कण्हला. छबीही काही न कळता टाळ्या पिटू लागली. फक्त मंजुळा हसली नाही. चंद्रावर माणूस हलका होतो हे ऐकून तिला फार नवल वाटलं होतं. आपण रोज ज्या आकड्यापुढे थरथरतो तो आकडा आकाशात इतका स्वस्तात बदलतो! पण आबांच्या सगळ्या बोलण्यातलं तिनं एकच वाक्य उचललं. ओढणारा बदलला की वजन बदललं. शिष्याचं असं होतं कधीकधी. गुरू ओंजळभर देतो आणि शिष्य त्यातून आपल्या दुखण्यापुरतं वेचतो.

दोनच दिवसांनी सेविकाबाई अंगणवाडीचा काटा घेऊन आल्या. तो गोल तबकडीचा काटा होता, खाली कापडी झोळी टांगून लेकरू तोलायचा. त्याचा झोळी अडकवायचा आकडा वाकला होता. "सोमवारी वजनं आहेत, तेवढा सरळ करून ठेव गं," असं मंजुळाला सांगून त्या गेल्या. आबा त्या दिवशी वजनांवर सरकारी शिक्का मारून आणायला तालुक्याला गेले होते.

मंजुळानं आकडा सरळ केला. मग तबकडी उघडली. आतली स्प्रिंग तिनं बोटानं चाचपली. तिला आठवलं, खणात अशीच एक जुनी स्प्रिंग पडून आहे. दिसायला हिची जुळी बहीण, फक्त किंचित नरम. नरम स्प्रिंग तेवढ्याच भारानं जास्त ताणते. जास्त ताणली की सुई पुढे जाते. तिनं खण उघडला. छबी पोत्यावर झोपली होती आणि झोपेत तिचा हात वर गेल्यामुळे मनगट्या कोपराशी येऊन थांबल्या होत्या.

मंजुळानं स्प्रिंग बदलली. खरी खणात ठेवली, नरम काट्यात बसवली, सुई शून्यावर आणली. एवढं सगळं केलं, पण लोखंडी वजन टांगलं नाही. "बोल बाबा, खरं बोल" म्हणायची तिची छाती झाली नाही.

सोमवारी छबी झोळीत बसली आणि सुई सात किलो चारशेवर गेली. सेविकाबाईंनी दोनदा बघितलं. मग मंजुळाच्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "हिरवा!" घरी सासूनं देवापुढे साखर ठेवली, आळीत वाटली आणि म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? आमच्याच वळणावर गेलीय." पहिल्यांदाच तिनं छबीला आपणहून मांडीवर घेतलं. मंजुळाला वाटलं होतं, आज आपल्याला पोटभर जेवण जाईल. पण ताटावर बसली आणि समोर छबीनं घास मागायला हात पुढे केला, तर मनगट्या कालच्याच जागी घसरल्या. घास मंजुळाच्या हातातच राहिला.

आठवडा गेला. एक दिवस सेविकाबाई दुकानात आल्या त्या आनंदातच. "आबा, तुमच्या दुरुस्तीला काय गुण आहे हो! नऊ पोरं लाल-पिवळ्यात होती, आता दोनच राहिली. वरचे साहेबसुद्धा खूश."

आबा कानस चालवत होते. कानस थांबली. "एका महिन्यात?"

"एका महिन्यात!"

तेवढ्यात कुंभारवाड्यातली वैजंता दाराशी आली. तिला काटा दुरुस्त करायचा नव्हता, तिला सेविकाबाईच हव्या होत्या. तिच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा होता, मान तिच्या खांद्यावर टाकलेला. "बाई, तुम्ही म्हणालात पोरगं लालमधून निघालं, आता जादा आहार बंद. अंडंही बंद, पुडाही बंद. मग हे दिवसभर कण्हतंय का? बरं झालेलं पोर असं असतं का?"

"आकडा तर चांगला आहे गं."

"आकडा चांगला असंल. मी आकड्याला कडेवर नाही घेत, ह्याला घेते. मला कळतं ना."

 मंजुळा खाली मान घालून एकाच स्क्रूला फडक्यानं पुसत राहिली. आबांनी तिच्याकडे बघितलं, खणाकडे बघितलं आणि सेविकाबाईंना म्हणाले, "तो काटा उद्यापुरता माझ्याकडे ठेवा. तुम्ही उद्या दुपारपर्यंत अंगणवाडीतच असाल ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा छबीला घेऊन दुकानात आली आणि कोड्यातच पडली. आबांनी अंगणवाडीचा काटा आढ्याला टांगला होता, त्याची काच काढून ठेवली होती, आणि समोर जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या पाचसहा गोल तबकड्या कापून मांडल्या होत्या. प्रत्येकीवर आबांच्या थरथरत्या अक्षरात वेगळे आकडे आणि वर एकेक नाव. आबांचा चेहरा एखाद्या उत्सवाला निघाल्यासारखा.

"आबा, हे काय?"

"आज छबीला फिरवून आणू. घाल तिला झोळीत."

शेठजीही आपला काटा न्यायला आले होते. बाहेर त्यांची गुळाची गाडी उभी होती. ते बाकावर बसले. "मी पण बघतो," म्हणाले.

आबांनी पहिली तबकडी सुईमागे बसवली. "ही आपली जमीन." सुई साडेसहावर थांबली. मंजुळानं सुईकडे वाकून पाहिलं. आठवड्यापूर्वी सात किलो चारशे भरलेली छबी आज साडेसहा. म्हणजे आबांनी खणातली खरी स्प्रिंग परत बसवली होती. आबांना सगळं कळलं होतं. पण आबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी दुसरी तबकडी लावली.

"हा चंद्र. एक किलो आणि वर जराशी चिमूट. इथं छबीनं पाय मारला तर ती उडून शेठजींच्या डोक्यावरून जाईल."

छबीनं खरंच पाय मारला.

"हा मंगळ. अडीच किलो. ही शुक्रावर, जवळजवळ सहा, शुक्र आपल्या पृथ्वीचा सख्खा भाऊ म्हणायचा. आणि हा शनीचा थोरला चंद्र. तो आपल्या चंद्राहून मोठा, पण ओढ त्याहूनही कमी. नऊशे ग्रॅम! नऊशे ग्रॅमची छबी!"

"अहो, माझ्याकडे याहून मोठी भेली आहे," शेठजी म्हणाले.

"आणि हा गुरू. गुरूवर उभं राहायला जमीनच नाही, नुसते ढग. पण त्या ढगांच्या माथ्यावर कुणी काटा टांगून धरला तर..." सुई होती तिथंच होती, तिच्यामागचे आकडे मात्र म्हणत होते, सोळा किलो चारशे.

"सोळा!" शेठजी ओरडले. "माझा नातू पाचवीत आहे, तो एवढा नाही!"

मंजुळा बघत राहिली. सगळ्या भीतीतही तिला त्या क्षणी फार अपूर्व वाटलं. एकच झोळी, एकच लेकरू, एकच सुई, आणि आकाश मात्र एवढं मोठं, की कुठं ही पोर फुलासारखी आणि कुठं धोंड्यासारखी. आणि ज्या माणसानं घाट ओलांडून फार तर तालुका पाहिला, तो लग्नपत्रिकांचे कागद कापून तिच्या लेकीला ग्रहांवरून हिंडवून आणत होता.

मग आबांनी सगळ्या कागदी तबकड्या काढल्या. छबीला खाली घेतलं. काट्यातली स्प्रिंग काढली, खणातून दुसरी घेतली, बसवली, आणि काट्याची मूळची तबकडी जागेवर ठेवली. "आता ही शेवटची," ते म्हणाले. छबी पुन्हा झोळीत बसली. सुई सात किलो चारशेवर गेली.

"हा कोणता ग्रह?" शेठजींनी विचारलं.

"रात्री पुस्तक घेऊन हिशोब मांडला मी. इथला एक किलो तिथं एक किलो एकशेचाळीस भरतो. शोधत शोधत शेवटी सापडला. नेपच्यून."

"तिथं कोण जातं एवढ्या लांब?"

"जातं कुणीतरी," आबा म्हणाले. "आता शेठजी, थोडा गूळ द्या."

दुकानाच्या कोपऱ्यात जुना मोठा तराजू होता. आबांनी एका पारड्यात टोपली ठेवून छबीला बसवलं, दुसऱ्या पारड्यात तशीच टोपली ठेवून गूळ ठेवायला सांगितलं. पाच किलोची ढेप, एक किलोची भेली, वर अर्ध्या किलोचा तुकडा. दांडी सरळ झाली. छबी गुळाकडे बघून हात पसरू लागली.

"शेठजी, हा तराजू आहे असा उचलून चंद्रावर नेला तर?"

"पोर हलकं होईल. वर जाईल."

"आणि गूळ?"

"गूळ पण हल..." शेठजी मध्येच थांबले. त्यांनी एकदा छबीकडे बघितलं, एकदा गुळाकडे. "अरेच्चा. दोघंही सारखेच हलके. दांडी सरळच राहील!"

"आणि गुरूवर?"

"दोघंही जड. दांडी सरळच!" शेठजींना इतका आनंद झाला की त्यांनी तो अर्ध्या किलोचा तुकडा छबीलाच देऊन टाकला. आपला काटा उचलला आणि "साडेसहा किलो गूळ, कुठल्याही ग्रहावर!" असं म्हणत गाडीकडे गेले. रस्त्यावर भेटेल त्याला ते सांगत सुटले असतील.

दुकानात आता आबा, मंजुळा आणि गुळानं तोंड माखलेली छबी एवढीच उरली. मंजुळा भिंतीला टेकून खाली बसली.

"आबा, माझ्याकडून..."

"मला ठाऊक आहे."

"रागवा तरी."

आबा तिच्यासमोर पाटावर बसले. "पोरी, काट्यानं खोटं सांगितलं असंही मी म्हणणार नाही. तो खरंच बोलला, फक्त दुसऱ्या जमिनीवरचं. तू एक स्प्रिंग बदललीस आणि अख्खं गाव उचलून नेपच्यूनवर ठेवलंस. तिथं सगळ्यांची लेकरं भारी भरली. पण अंडं, पुडा, दवाखाना हे सगळं इथं पृथ्वीवरच राहिलं. वैजंताचं पोर तिकडे उपाशी बसलंय आणि त्याचा घास इकडे पडलाय. मी जमीन बदलायची गंमत सांगितली, तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली माझ्याकडून. ओढणारा बदलला की ओढ बदलते. छबीत जेवढी छबी आहे ती बदलत नाही. ती वाढवायची तर घासानंच वाढते."

मंजुळा पदरानं डोळे पुसू लागली. "मला त्या आकड्याची भीती वाटायची आबा. इतका लहान आकडा. वाटायचं, एक दिवस तो संपेल आणि पोर..."

"आभाळात फिरणाऱ्या यानात माणूस काट्यावर बसला तर काटा शून्य दाखवतो. शून्य! म्हणून माणूस संपला का? तो तिथं जेवतो, हसतो, घरची आठवण काढतो. लहान आकड्यानं कुणी मरत नाही गं. आकडा ही लेकराची हाक आहे. हाक ऐकायला कमी येते म्हणून आपल्याला काटा लागतो. तू हाकच बदलून घेतलीस."

 मग मंजुळा उठली. नरम स्प्रिंग तिनं स्वतःच काढली, खरी बसवली. दहा किलोचं लोखंड टांगलं. "बोल बाबा," ती म्हणाली, पण पुढचा शब्द निघेना. आबांनीच तो पुरा केला. सुई दहावर, तीळभर इकडे नाही की तिकडे नाही.

काटा एका खांद्याला, लोखंड पिशवीत, छबी कडेवर, अशी ती अंगणवाडीत गेली. आबा म्हणाले होते, "येऊ का सोबत?" ती म्हणाली, "नको. मीच नेलं होतं गाव, मीच आणते." दुपारच्या आहाराला दहा-बारा बाया आपली पोरं घेऊन जमल्या होत्या. सासूही तिथं नातीचं कौतुक सांगत बसली होती. मंजुळानं सगळ्यांसमोर सांगितलं, काय केलं आणि का केलं. सांगताना तिनं वैजंताकडे बघितलं.

वैजंता ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे आठ दिवस मी ह्याला म्हणत होते, काय रडतोस, हिरवा होत आलास मेल्या. आणि हे भुकेनं रडत होतं." तिचा आवाज फुटला. "तुला लेक आहे ना गं? तरी?"

  मंजुळानं काटा टांगला, आधी लोखंड लावून सगळ्यांना सुई दाखवली, मग छबीला झोळीत बसवलं. सेविकाबाईंनी सवयीनं कागद पालथा धरला. मंजुळानं आकडा मोठ्यानं वाचला.

"सहा किलो पाचशे. लाल."

 सासूनं पदर तोंडाला लावला. दृष्ट लागावी एवढं तिथं काही नव्हतंच. मग वैजंता तरातरा पुढे आली. तिनं छबीला झोळीतून उचलून मंजुळाच्या हातात जवळजवळ ढकललं आणि आपल्या मुलाला बसवलं. "सात किलो सहाशे," ती ओरडली. "लाल! लिहा. आणि पालथं धरू नका, सरळ धरा!"

तिच्यामागून एकेक बाई आली. कुणी कुजबुजत आकडा बोलली, कुणी लाजत. एकीनं तर पाठ फिरवून बोलला. पण सगळ्यांचे रंग पहिल्यांदाच सगळ्यांना कळले. तेव्हा लक्षात आलं, जिच्या तिच्या पदरात तीच गाठ होती.

मंजुळा आणि वैजंता एकाच जीपमधून तालुक्याला गेल्या. पहिले दोन दिवस वैजंता तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वैजंताच्या मुलानं छबीच्या ताटातला बटाटा पळवला, आणि छबीनं त्याचा कान असा धरला की सोडेना. तेव्हा वैजंता हसू दाबत म्हणाली, "नेपच्यूनची आहे बाई, जड हाताची." मंजुळा तिथं पहिल्यांदाच हसली. तिथं तिनं खाल्लंही. सासू एकदा डबा घेऊन आली होती. बसली, छबीच्या पायाची बोटं चोळली आणि जाताना म्हणाली, "माझा दुसरा मुलगा पण असाच होता. कुणाला सांगितलं नाही मी." एवढंच म्हणाली.

परत आल्यावर मंजुळा आधी घरी गेली नाही, दुकानात गेली. सकाळची वेळ होती. घाटावर फिकट चंद्र अजून मावळायचा होता, ताकातल्या लोण्यासारखा. आबा उठून उभे राहिले. मंजुळानं दुकानातला स्प्रिंगचा काटा घेतला, लोखंड टांगलं. आज तिचा आवाज अडला नाही.

"बोल बाबा, खरं बोल."

काटा खरं बोलला. मग तिनं काट्याला फडक्याची झोळी बांधून छबीला तिच्यात ठेवलं. सुई सातावर गेली आणि थांबली. हिरव्याला अजून वाट होती. मंजुळानं आकडा मोठ्यानं सांगितला आणि छबीचा हात धरून वर केला. मनगट्या घसरल्या, पण कोपराच्या चार बोटं अलीकडे अडल्या.

छबी चंद्राकडे बोट करत होती. मंजुळानं तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तिथं तू एक किलोची आणि वर थोडीशी. तरी एवढीच छबी."

आबा आपल्या पाटावर बसले आणि कानस चालवू लागले.

तेव्हापासून त्या अंगणवाडीत वजनाच्या दिवशी आधी लोखंड टांगतात, मग लेकरू, आणि आकडा आईच मोठ्यानं सांगते. आपणही कुणाला तोलण्याआधी आपला काटा कोणत्या जमिनीवर उभा आहे, एवढं बघून घ्यावं.